लँडस्केप फोटोवर मत कसं मागावं: आधी मांडणी, मग रंग

पावसाळ्यात लोहगडावर जाऊन आलेला माणूस रात्री दहा वाजता बावीस फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "कसे आलेत सांगा." समोरचा अंथरुणावर पडल्या पडल्या अंगठ्याने ते सरकवतो आणि उत्तर देतो, "एक नंबर!" दोघांच्याही मनात चांगलंच असतं, पण फोटो होता तिथेच राहतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच विंचूकाटा (लोहगडाची लांब, निमुळती माची), तसाच चौकटीच्या मधोमध, आणि गवताचा रंग तसाच भडक पोपटी.

पुण्यातल्या आमच्या एका छोट्या गटात मी दर महिन्याला नव्या लोकांचे फोटो बघते. फोटोत चुका असतातच, पण मत मागण्याच्या पद्धतीत त्याहून जास्त असतात. सगळ्यात मोठी चूक क्रमाची. एडिटिंग पूर्ण करायचं, रंग चढवायचे आणि मग मांडणीबद्दल विचारायचं, असं बहुतेक जण करतात. बघणाऱ्याचं लक्ष रंगांकडे जातं, तो रंगांवर बोलतो आणि मांडणीतला दोष तसाच दडून राहतो. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. मधली एखादी गाळली तर पुढचीचा उपयोग होत नाही.

## १. तीनच फोटो निवडा, तेही आठवड्याने

गडावरून आल्या आल्या फोटो निवडू नका. पायातले गोळे, टपरीवरचा चहा, सोबत्यांची थट्टामस्करी हे सगळं अजून डोक्यात ताजं असतं आणि आपण फोटोऐवजी सहलच बघत बसतो. निदान आठवडाभर जाऊ द्या.

मग तीन फोटो काढा: एक तुम्हाला मनापासून आवडलेला, एक ज्याबद्दल खात्री वाटत नाही असा, आणि एक फसलेला. जागा सुंदर होती, उजेडही होता, पण फोटोत काहीच उतरलं नाही, असा एखादा प्रत्येकाकडे असतो. नवे लोक तो लपवतात. खरं तर सगळ्यात जास्त तोच शिकवतो.

तीनपेक्षा जास्त नकोत. चौथ्या फोटोपासून बघणाऱ्याच्या तोंडी तेच तेच शब्द येऊ लागतात.

सावधान: एकाच जागेवरून काढलेले तीन फोटो म्हणजे तीन फोटो नव्हेत. त्यांची गरज पुढे चौथ्या पायरीत आहे.

## २. प्रत्येक फोटोसाठी एक ओळ लिहा

आपण तिथे का थांबलो, हे एका वाक्यात कागदावर लिहा. "विंचूकाटा छान दिसत होता" हे चालणार नाही, कारण तो कुणालाही छान दिसतो. "धुकं दरीतून वर चढत होतं आणि काट्याचं फक्त टोक बाहेर राहिलं होतं" हे चालेल. या वाक्यात काहीतरी घडतंय, त्यामुळे फोटोत ते आलं की नाही हे तपासता येतं.

ओळ सुचतच नसेल तर तो फोटो बाजूला ठेवा. आपल्यालाच काय दाखवायचं होतं ते माहीत नसेल तर दुसरा कशाच्या आधारावर मत देणार?

ही ओळ अजून कुणाला सांगायची नाही. घडी करून खिशात ठेवा.

## ३. दुसऱ्याला दाखवण्याआधी स्वतः तपासा

दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्याचा वेळ आपल्याला स्वतःला सापडण्यासारख्या चुकांवर खर्च होऊ नये.

फोटो फ्लिप करा, म्हणजे डावं उजवीकडे. बघून बघून सवयीचा झालेला फोटो एकदम परका वाटतो आणि सगळं वजन एकाच बाजूला गेलं असेल तर लगेच जाणवतं. मग तो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघा. तेवढ्यातही मुख्य गोष्ट ओळखू आली पाहिजे. त्यानंतर एडिट न केलेल्या फोटोची एक काळी-पांढरी प्रत करा. रंग काढल्यावर डोंगर आणि आकाश एकाच राखाडी छटेत विरघळत असतील, तर तो फोटो फक्त रंगाच्या जोरावर उभा आहे. ही प्रत जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चारही कडांवरून बोट फिरवा. अर्धवट फांदी, सोबत्याच्या सॅकचा पट्टा, विजेची तार, चिप्सचं पाकीट असल्या गोष्टी बहुतेक कडेलाच असतात. फोटो काढताना आपलं लक्ष मध्यावर असतं, त्यामुळे त्या दिसत नाहीत.

शेवटी फोटो कलला आहे का ते बघा. इथे एक गैरसमज फार जणांचा असतो. पवना धरणाच्या पाण्याचा पलीकडचा काठ आडवा सरळ दिसलाच पाहिजे असं समजून लोक फोटो फिरवतात. काठ आपल्यापासून तिरका लांब जात असेल तर फोटोतही तो तिरकाच दिसणार, त्यात चूक काही नाही. पाणी संथ असेल तर फोटोच्या मध्याजवळचं एखादं झाड धरा. झाडाचा शेंडा आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाचा शेंडा यांना जोडणारी रेघ उभी सरळ हवी. डोंगराच्या उतारावरून तर कल कधीच ठरवू नका. समुद्राचं क्षितिज मात्र आडवंच हवं. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या फोटोत एका अंशाचा कलसुद्धा खुपतो.

तपासा: फोटो १०० टक्के मोठा करून आकाशात काळपट ठिपके आहेत का बघा. ती सेन्सरवरची धूळ असते. एफ १६ किंवा एफ २२ ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) खूप लहान ठेवून काढलेल्या फोटोत ती ठळक दिसते, आणि डिहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वाढवलं की आणखी वर येते.

## ४. प्रत्येक फोटोचा संच तयार करा

फक्त एडिट केलेला फोटो पुढे करणं म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन नुसतं औषधाचं नाव सांगणं. आधी काय होतं, हेही दिसलं पाहिजे. एका फोटोच्या संचात एवढं हवं:

- कॅमेऱ्यातून आला तसा, एडिट न केलेला फोटो
- तुमचा एडिट केलेला फोटो
- तिसऱ्या पायरीत केलेली काळी-पांढरी प्रत
- त्याच जागेवरून त्याच वेळी काढलेले आणखी तीन-चार फोटो
- लेन्सची फोकल लेंग्थ, ॲपर्चर, शटर स्पीड, आयएसओ आणि फोटोची वेळ

जागेवरचे बाकीचे फोटो नवे लोक हमखास गाळतात. पण पुष्कळदा चांगला फोटो त्यांच्यातच असतो. आपण तो डावललेला असतो, कारण निवडताना आपली नजर ढगावर होती आणि दुसऱ्या फोटोत मांडणी बरी होती. बघणाऱ्याला सगळे दिसले तर तो सांगू शकतो की चूक काढताना झाली की निवडताना.

फाइल पाठवायची असेल तर जेपेग, लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि कलर स्पेस (रंग साठवण्याची पद्धत) एसआरजीबी ठेवा. अडोबी आरजीबीमध्ये पाठवलेला फोटो समोरच्याच्या पडद्यावर फिका दिसू शकतो, मग तो तुम्हाला रंग वाढवायला सांगेल आणि तुम्ही वाढवाल. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फाइल दाबली जाते, आणि धुक्यात व आकाशात जे पट्टे उमटतात ते तुमच्या एडिटिंगच्या नावावर जमा होतात.

त्याहून बरं म्हणजे प्रिंट काढा. ४ बाय ६ इंचाची प्रिंट पुरे. ३०० डीपीआयने तिला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे मोबाइलचा फोटोही सहज पुरतो. स्टुडिओवाल्याला आवर्जून सांगा, "दादा, ऑटो करेक्शन बंद ठेवा." नाहीतर मशीन तुमच्या धुक्याला स्वतःच्या मनाने उजळ करून टाकतं.

सावधान: एडिट करताना आणि दाखवताना मोबाइलचा नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट मोड बंद हवा. तो चालू असताना पडदा पिवळट असतो, आपण नकळत निळा वाढवतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर सगळा डोंगर थंडगार दिसतो. ब्राइटनेसही पूर्ण वर नको. भगभगत्या पडद्यावर एडिट केलेला फोटो प्रिंटवर हमखास काळवंडतो.

## ५. माणसं निवडा

तीन जण पुरे. मात्र तिघे तीन तऱ्हेचे हवेत.

पहिला, तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षं पुढे असलेला आणि लँडस्केपच काढणारा. लग्नाचे उत्तम फोटो काढणारा मित्र असेल, पण त्याची नजर चेहऱ्यावर आणि त्वचेच्या रंगावर तयार झालेली असते. दुसरा, चित्रकलेचं शिक्षण घेतलेला. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक यासाठी फार उपयोगी पडतात, कारण कॅमेऱ्याच्या बटणांत त्यांना रस नसतो, ते सरळ आकार आणि वजन बघतात. तिसरा, फोटोशी काही संबंध नसलेला: घरातली आई, आत्या, शेजारच्या काकू. नजर आधी कुठे जाते, हे या तिसऱ्या माणसाइतकं प्रामाणिकपणे कुणीच सांगत नाही.

गडाच्या पायथ्याच्या गावातला कुणी ओळखीचा असेल तर सोन्याहून पिवळं. त्याचा उपयोग एडिटिंगच्या वेळी होतो.

सावधान: तिघांना एकत्र बसवू नका. पहिला बोलला की बाकीचे दोघे त्याचीच री ओढतात. वेगवेगळं विचारा.

## ६. मांडणीची बैठक

या बैठकीत रंगीत फोटो बाहेर काढायचाच नाही. एडिट न केलेल्या फोटोची काळी-पांढरी प्रिंट समोर ठेवा. रंग नसला की माणसं आपोआप आकारांवर बोलतात.

आधी गप्प राहा. प्रिंट हातात द्या आणि दहा सेकंद काहीही बोलू नका. जागेचं नावही सांगू नका. "लोहगड आहे" म्हटलं की समोरच्याला त्याचा स्वतःचा लोहगड आठवतो.

मग दोनच प्रश्न: "नजर आधी कुठे गेली?" आणि "तिथून पुढे कुठे गेली?" बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि त्या जागी पेनने १ आणि २ असे आकडे टाका. "फोटो कसा वाटला?" असं विचारूच नका. त्या प्रश्नाला आपल्याकडे कौतुकाशिवाय दुसरं उत्तर देणं हा उद्धटपणा समजला जातो.

आता खिशातली ओळ वाचून दाखवा. ओळीतली गोष्ट आणि प्रिंटवरचा १ चा आकडा एका जागी आहेत का? असतील तर मांडणी मुळात बरोबर आहे. नसतील तर मधे काय आडवं आलं, हे शोधायला लागा.

माझ्या विंचूकाट्याच्या एका फोटोत डाव्या खालच्या कोपऱ्यात तटबंदीचा ओला दगड होता. फोरग्राउंड (फोटोत अगदी जवळ दिसणारं काहीतरी) हवा असतो असं ऐकलं होतं, म्हणून मी तो घेतला होता. आमच्या गटातल्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी दोन मिनिटं काहीच म्हटलं नाही. मग त्या दगडावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "अगं, एवढं नसतं तर काय बिघडलं असतं?" मी बघितलं. काहीच बिघडलं नसतं. उलट अंगठा ठेवल्याबरोबर नजर थेट काट्याच्या वळणावरून टोकापर्यंत सरकली. दगड ओला असल्यामुळे चमकत होता, आणि नजर त्या चमकेपाशी अडत होती. फोरग्राउंड आत नेणारा हवा, हे मी तोवर शंभरदा ऐकलं असेल, पण कळलं त्या अंगठ्यामुळे.

एलच्या पट्ट्या फिरवा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या कापा. एकमेकींवर उलट्या ठेवल्या की छोटी-मोठी होणारी चौकट तयार होते. ती प्रिंटवर ठेवून बघणाऱ्याच्या हातात द्या आणि म्हणा, "तुम्हाला हवं तेवढंच ठेवा." बोलून मिनिटभरात जे सांगता येत नाही, ते हात दहा सेकंदांत दाखवतो. पट्ट्या जिथे थांबल्या तिथे पेन्सिलने खुणा करा.

मग जागेवरचे बाकीचे फोटो मांडा आणि विचारा की यांतला कोणता निवडला असता. त्यानंतरच पुढचे प्रश्न, आणि तेही अनुभवी फोटोग्राफरलाच:

"दोन गोष्टी एकमेकींवर चढल्यात का?" बुरुजावरच्या झेंड्याची काठी मागच्या डोंगराच्या कडेला चिकटणं, झाडाचा शेंडा नेमका क्षितिजाला टेकणं, हे नेहमीचं. क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, हे सुटत नाही. दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं, एवढंच उत्तर मिळेल, आणि ते फार मोलाचं असतं.

"कॅमेऱ्याची उंची बरोबर होती का?" खाली बसून काढलं की जवळचा दगड मोठा होतो, पण दगड आणि तलाव यांच्यातली मोकळी जमीन दबून जाते. उभं राहून काढलं की ती उलगडते. नवे लोक सगळे फोटो डोळ्याच्या उंचीवरून काढतात आणि मांडणी फक्त डावी-उजवीकडे शोधतात.

"लेन्स बरोबर होती का?" डोंगर अंगावर येत होता आणि फोटोत टेकडीएवढा झाला, ही तक्रार मी प्रत्येक महिन्यात ऐकते. १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येते ती) १८ ला काढलं की जवळचं सगळं फुगतं आणि लांबचा डोंगर आकसतो. मागे सरकून ५५ ला काढा, मोबाइल असेल तर टेलिफोटो लेन्सने. डोंगर त्याच्या जागी येतो.

"वेळ बरोबर होती का?" हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि संध्याकाळी उजळतो. राजगडाच्या सुवेळा माचीचं उलट, तिथे सकाळ साधायची. "फोटो सपाट वाटतो" असं कुणी म्हटलं तर स्लायडरला हात लावण्याआधी घड्याळ बघा.

तपासा: बैठक संपताना हातात तीन गोष्टी असाव्यात: आकडे टाकलेली प्रिंट, क्रॉपच्या खुणा आणि निवडलेला फोटो. हा निवडलेला फोटो तुम्ही आणलेल्यापेक्षा वेगळा असू शकतो. असेल तर जुनं एडिटिंग सोडून द्या आणि नव्या फोटोपासून सुरुवात करा. जीवावर येतं, पण चुकीच्या फोटोवरचं एडिटिंग सुधारण्यात अर्थ नाही.

## ७. एडिटिंगची बैठक

ही दुसऱ्या दिवशी ठेवा. मांडणी ठरल्यावर क्रॉप करून नव्याने एडिट करा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी उजेडात एकदा बघा. रात्री तासभर रंग वाढवत बसल्यावर डोळ्याला तेच खरं वाटू लागतं. सकाळी निम्म्या चुका आपल्याच आपल्याला दिसतात.

दाखवताना आधी फक्त एडिट केलेला फोटो दाखवा. आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवून "फरक बघा" म्हणणं ही अगदी सर्रास होणारी चूक. कॅमेऱ्यातून आलेल्या फिकट रॉ फाइलशेजारी (कॅमेऱ्याने रंग न चढवलेली फाइल) कुठलाही उजळ, रंगीत फोटो चांगलाच वाटतो. दोन्ही शेजारी ठेवायचे ते शेवटी, काय हरवलं हे शोधण्यासाठी.

प्रश्न विचारताना ज्या क्रमाने एडिटिंग होतं तोच क्रम धरा: आधी उजेड-अंधार, मग व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंड तोल), मग एकेक रंग, शेवटी धार (शार्पनिंग). एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, बदललं की रंग वेगळे दिसतात, त्यामुळे आधीच रंगांवर बोलणं वाया जातं.

आकाश. आकाश गडद करण्यासाठी वरून ग्रॅडियंट (हळूहळू फिका होत जाणारा काळोखा थर) ओढला जातो आणि त्यात डोंगराचा माथाही काळा होतो. ज्या माथ्यावर सगळ्यात जास्त उजेड असायला हवा, तोच सगळ्यात काळोखा. हे विचारूनच घ्या: "डोंगराचा माथा आणि पायथा एकाच उजेडात वाटतात का?" नाही म्हटलं तर मास्कमधून, म्हणजे बदल लागू होणाऱ्या निवडलेल्या भागातून, डोंगर वजा करा. पावसाळी आकाश पांढरंफटक जळालं असेल, म्हणजे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या भिंतीला जाऊन आदळला असेल, तर स्लायडर कितीही ओढला तरी तिथे ढग येणार नाहीत, फक्त राखाडी डाग येईल. अशा वेळी आकाश कमी ठेवणारा क्रॉप विचारा.

डोंगराची कड. क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव), डिहेझ आणि शॅडो (सावल्यांचा उजेड) एकदम वाढवले की डोंगर आणि आकाश यांच्यामध्ये पांढरी झालर उमटते. लहान पडद्यावर ती दिसत नाही, म्हणून १०० टक्के मोठा करून कडेवरून सरकत जा. झालर दिसली की आधी क्लॅरिटी निम्मी करा.

हिरवा. इथे थोडं थांबते, कारण सह्याद्रीतले बहुतेक नवे फोटो याच जागी बिघडतात. पावसाळी गवतात आणि भातात पिवळा बराच असतो. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की हिरव्याबरोबर तो पिवळाही भडकतो आणि सगळं रान रेडियमसारखं चकाकायला लागतं. पायथ्याच्या गावात चहा देणाऱ्या ताईंना मी एकदा माझा असाच एक फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, शेताकडे बघितलं, परत मोबाइलकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, हे आमचंच शेत का?" तेव्हापासून हिरव्याबद्दलचं शेवटचं मत मी गावातल्या माणसाकडूनच घेते. दुरुस्ती सोपी आहे. एकूण सॅच्युरेशन शून्यावर आणा, मग रंगांच्या पॅनेलमध्ये पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी करा आणि हिरव्याची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली घ्या. ओलं गवत उन्हातल्या गवतापेक्षा गडद असतं, हे लक्षात ठेवलं तरी हात आवरतो.

धुकं आणि धुरकटपणा. आपल्याकडे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात आणि त्या फिकटपणामुळेच खोली कळते. संपूर्ण फोटोवर डिहेझ लावला की चौथी रांग पहिलीइतकीच ठळक होते आणि सगळा डोंगर भिंतीवरच्या चित्रासारखा सपाट होतो. विचारा: "किती रांगा मोजता येतात, आणि सगळ्यात लांबची कोणती ते लगेच कळतं का?" डिहेझ लावायचाच असेल तर जवळच्या भागावर मास्क करून लावा, लांबचा भाग सोडून द्या.

सावल्या. झाडाखालचा काळोख पूर्ण उघडू नका. जिथे डोळ्यालाही काही दिसत नव्हतं तिथे फोटोत पानं मोजता यायला लागली की बघणाऱ्याला खोटं वाटतं. का वाटतं, ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

सावधान: आकाश बदललं असेल, किंवा माणूस, तार, खांब काढून टाकला असेल तर मत मागण्याआधीच सांगा. नाहीतर समोरचा उजेडाच्या दिशेवरून ओळखतो आणि पुढचं सगळं बोलणं त्याच एका गोष्टीवर अडकतं.

## ८. ऐकताना

"पण प्रत्यक्षात असंच होतं" हे वाक्य गिळून टाका. तुम्ही तिथे होता, बघणारा नव्हता. त्याच्या हातात फक्त कागद आहे.

समोरच्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. "काहीतरी खटकतंय" असं कुणी म्हटलं तर "काय?" असं विचारू नका, "कुठे?" असं विचारा. माणसाला कारण सांगता येत नाही, पण जागा जवळपास नेहमी दाखवता येते.

स्पष्टीकरण द्यायचंच असेल तर ते शेवटी, आणि विचारलं तरच.

## ९. मतांची छाननी

तिघांची मतं वहीच्या एका पानावर समोरासमोर लिहा आणि तीन रकाने करा: क्रॉप किंवा एडिटिंगने सुटणारं, परत जाऊनच सुटणारं आणि निव्वळ आवडीचं. "मला सूर्यास्त जास्त आवडतो" हे तिसऱ्या रकान्यात जाईल. त्याबद्दल आभार माना आणि पुढे चला.

तिघांपैकी दोघांनी वेगवेगळं बसून एकाच जागी बोट ठेवलं असेल तर तिथे दोष आहे असं धरा, त्यांनी सुचवलेले उपाय परस्परविरोधी असले तरीही. एक म्हणतो दगड उजळ करा, दुसरा म्हणतो दगड काढा. दगडापाशी गडबड आहे, यावर दोघांचं एकमत आहे. उपाय तुमचा तुम्ही शोधा.

अनुभवी फोटोग्राफर आणि घरातली काकू यांचं जमलं नाही, तर नजर कुठे जाते याबाबत काकूंचं धरा, ती का जाते याबाबत फोटोग्राफरचं.

## १०. दुरुस्ती: एका वेळी एकच

सगळे बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. लाइटरूममध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल कॉपी, म्हणजे त्याच फोटोची एडिटिंगची वेगळी प्रत, करा, दुसरं ॲप वापरत असाल तर नव्या नावाने फाइल साठवा. पहिल्या प्रतीत फक्त क्रॉप. दुसरीत क्रॉप आणि आकाश. तिसरीत क्रॉप, आकाश आणि हिरवा. नावातच लिहून ठेवा, म्हणजे महिन्याने उघडली तरी समजेल.

तपासा: तिसरी प्रत पहिलीपेक्षा खरंच बरी आहे का? पुष्कळदा नुसत्या क्रॉपचीच सगळ्यात चांगली निघते.

## ११. परत त्याच जागी जा

दुसऱ्या रकान्यातली मतं घरी बसून सुटत नाहीत. ती एका चिठ्ठीवर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. माझ्या चिठ्ठीवर होतं: "दगड नको. चार पावलं उजवीकडे. उभं राहून. ५५ ला. धुकं उतरायची वाट बघ."

पोचल्यावर आधी जुना फोटो जसा होता तसाच एक काढा. तो तुलनेसाठी. मग चिठ्ठीतला पहिला बदल करून एक, दुसरा करून एक. एका जागेवर निदान अर्धा तास द्या. दहा जागा फिरण्याचा मोह होईल, पण त्या दिवशी ते काम नाही.

सावधान: "आणखी पुढे जायला हवं होतं" असं मत मिळालं म्हणून पावसात कड्याच्या टोकाकडे सरकू नका. ओल्या कातळावर शेवाळ असतं आणि बूट कितीही चांगला असला तरी सरकतो. कासच्या पठारावर "फुलांच्या जवळ जा" या सल्ल्याचा अर्थ फुलं तुडवत आत शिरणं असा नाही. वाटेवर बसून लांब लेन्सने काढा. दुर्मीळ वनस्पतीचा किंवा पक्ष्याच्या घरट्याचा फोटो मतासाठी पाठवत असाल तर फाइलमधलं जीपीएस ठिकाण आधी काढून टाका.

परत आल्यावर पुन्हा आठवडा थांबा. मग नवी काळी-पांढरी प्रिंट घेऊन त्याच तिघांकडे जा. जुनी प्रिंट सोबत असू द्या, पण पिशवीतच. हातात आधी नवीच द्या, दहा सेकंद गप्प राहा आणि विचारा, "नजर आधी कुठे गेली?"